चोरी आणि घरफोडी यांच्या शिक्षेतील फरक

‘चोरीला फार तर तीन वर्षे कैद’ असे म्हटले जाते, पण ते पहिल्यांदा सिद्ध झालेल्या साध्या चोरीपुरतेच खरे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि चोरीच्या इराद्याने सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडले असेल, तर कलम ३३१ नुसार ही मर्यादा चौदा वर्षांवर जाते, दिवसा फोडले तर दहा. म्हणजे ऐवज किती गेला यापेक्षा कुठे आणि केव्हा गेला, हे आधी पाहिले जाते.

अर्थात ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्ष शिक्षा ठरवताना पूर्वीची दोषसिद्धी फार जड जाते: साध्या चोरीच्या कलम ३०३ खाली दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे. उलट पहिलाच गुन्हा, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा माल आणि तोही परत केलेला, अशा प्रकरणात समाजसेवेची शिक्षा आहे. (माझ्या मते ही तरतूद फार उशिरा आली.) आरोपी एकवीस वर्षांखालील असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवणे) कायद्यानुसार त्याला तुरुंगात पाठवण्याची कारणे न्यायालयाला लेखी नोंदवावी लागतात, बचाव पक्षाच्या वकिलांनी वयाचा पुरावा वेळेवर दाखल करणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.