क्लॅरिनेट ‘ग’ ला आली की चिरकते. दोष रीडचा, वाद्याचा की माझा?

नमस्कार मंडळी,

माझे काका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते गेल्यावर काकूने पेटी माझ्या हातात ठेवली, “तुला सुरातलं कळतं” म्हणून. मला कळतं ते भजनाला हार्मोनियमची साथ करण्यापुरतं. गेले पाच महिने रोज पाऊण तास फुंकतोय. गुरू नाही. मिरजेत राहतो; तंबोऱ्याची जवारी काढून देणारे इथे हाकेच्या अंतरावर आहेत, पण क्लॅरिनेट हातात कशी धरायची ते दाखवणारं कोणी मला अजून भेटलं नाही.

वाद्य लाकडी, बी फ्लॅटचं. मधला जी, म्हणजे सगळी बोटं मोकळी, हा सा धरतो. हार्मोनियमवर ती पांढरी चार येते. त्यावर भूप घोळवतो. सा छान लागतो, रे (म्हणजे ए) बरा. रे वरून ग ला (म्हणजे बी) गेलो की चीऽऽ! परवा आईने ती कुकरची तिसरी शिट्टी समजून गॅस बंद केला. डाळ कच्ची राहिली आणि बोलणी मला बसली.

रीडवर (माउथपीसला लावायची, फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी) माझा पहिल्यापासून संशय. अडीच नंबरचं मऊ पडत असेल म्हणून तीन नंबरचं आणलं. गाल भरून आले, चिरकणं तेवढंच. रीडचं टोक माउथपीसच्या टोकाशी जुळवून, वर केसाएवढी काळी रेघ दिसेल असं बसवतो. लिगेचर (रीड जागेवर धरणारा पट्टा) सैल करून पाहिलं, आवळून पाहिलं. पावसाळी हवेत टोकाला लाटा आलेली दोन रीडं टाकून दिली. नवीन लावलं की एक दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

एक गोष्ट चमत्कारिक आहे. ग लागलाच, तर तिथून ‘ग रे सा’ असं उतरताना कधीच चिरकत नाही. फक्त चढताना. आता आणखी रीडांवर पैसे घालू का?

---

प्रतिसाद १:
आधी ते तीन नंबर काढून ठेवा. पाच महिन्यांत ते झेपत नाही, मग आपण नकळत खालच्या ओठाने चावायला लागतो, आणि चावलं की ती ओरडतेच.

---

प्रतिसाद २:
दादा, पैसे घालू नका. उत्तर तुम्ही शेवटच्या ओळीत स्वतःच दिलंय. रीड खराब असतं तर उतरतानाही ओरडलं असतं.

तुमच्या रे ला डाव्या तर्जनीने एक की (चाप) दाबली की झालं. ग ला मात्र दोन्ही हातांची बोटं, डावा अंगठा, रजिस्टर की आणि करंगळीची की, सगळं एका झटक्यात बसावं लागतं. उतरताना बोटं नुसती उचलायची असतात, त्यात चुकायला जागा नाही. चढताना एक बोट जरी भोकावर अर्धवट बसलं की संपलं. बासरीत जोर वाढवला की वरचा सा येतो. क्लॅरिनेटची नळी आतून सारख्याच रुंदीची आणि तोंडाकडून बंद, त्यामुळे तिच्यात रजिस्टर की दाबली की सा चा थेट वरच्या सप्तकातला प होतो. ही की म्हणजे तरी काय, एक बारीकसं भोक उघडणं. बोटाखालून हवा निसटली की तुम्ही नको तिथे तसलंच भोक उघडता, आणि सूर भलत्याच उंचीवर उडी मारतो.

आता हे करा. वाद्यातला सगळ्यात खालचा ई वाजवा. तो भरदार लागला की बाकी काही न हलवता अंगठ्याने फक्त रजिस्टर की दाबा. तुमचा ग आला पाहिजे. तो स्वच्छ आला तर रीड, माउथपीस, वाद्य सगळं निर्दोष, गुन्हेगार बोटं. मग सगळी भोकं घट्ट दाबून हात उचला आणि बोटांची टोकं उजेडात बघा. प्रत्येकावर पूर्ण गोल वळ उमटायला हवा. उजव्या अनामिकेकडे नीट बघा, तिचं भोक मोठं असतं. उजव्या तर्जनीचं मूळ बाजूच्या कीजना टेकतंय का, तेही आरशात पाहा.

ई च कच्चा लागला तर मात्र पॅड (कीच्या खालची, भोक झाकणारी गादी) गळतंय. वरचा तुकडा वेगळा करा, भोकं बोटांनी आणि खालचं तोंड तळव्याने बंद करा, वरून हवा ओढा. ओढ काही सेकंद टिकली पाहिजे. जुन्या पेटीतल्या वाद्याची सहसा टिकत नाही.

आणि रे वाजवतानाच उजव्या हाताची बोटं भोकांवर ठेवून द्या, सूर फारसा बिघडत नाही. मग ग ला फक्त डावा हात बसवायचा उरतो. पोलीस बँडमध्ये आम्हाला पहिल्या महिन्यात हेच शिकवलं होतं. तोवर भूप खालच्या सी वर, काळी पाचात घ्या. एका बोटावरून सगळ्या बोटांवर जायची ही दरी ध आणि वरच्या सा च्या मध्ये जाईल, दर ओळीला आडवी येणार नाही.

---

धागाकर्ता:
उशिरा लिहितोय, आठवडाभर रोज तपासत होतो. ई भरदार लागतो, की दाबली की ग सुद्धा येतो. म्हणजे बोटंच. उजव्या अनामिकेवर अर्धचंद्र उमटला होता, आतली कड उघडी. उजव्या अंगठ्याचा आधार मी फार आत, पेराच्या सांध्याजवळ घेत होतो, त्यामुळे अनामिका भोकाला पुरतच नव्हती. आधार नखाजवळ आणल्यावर वळ पूर्ण गोल आला. उजवी बोटं आधीच ठेवून काल दहातून सात वेळा ग स्वच्छ लागला. रीड पुन्हा अडीचवर.

ओढ मात्र सेकंदभरच टिकते. सिगारेटचा कागद पॅडखाली धरून ओढला तर दोन ठिकाणी तो अडकतच नाही, सरळ सुटून येतो. सांगली-कोल्हापूरकडे पॅड बदलून देणारं कोणी माहीत आहे का? की ही दोन पॅड मला घरीच बसवता येतील?