मदत हवी आहे: सागवानी कपाटाच्या पांढऱ्या रंगातून पिवळे डाग वर येताहेत

जुनं सागवानी कपाट, मूळचं लाखेचं पॉलिश. 120 नंबरच्या पेपरने घासलं, मग 220ने, ओल्या फडक्याने पुसलं. वॉटर बेस वूड प्रायमरचा एक हात, चार तासांनी वॉटर बेस पांढऱ्या इनॅमलचे दोन हात. दुसऱ्या दिवशी गाठींभोवती आणि चौकटीच्या सांध्यांवर चहा सांडल्यासारखे पिवळट डाग. तिसरा हात दिला, तो सुकता सुकता डाग पुन्हा वर.

कारण उघड आहे: सागातल्या टॅनिन या नैसर्गिक द्रव्याचा रंग पाण्यात सुटतो आणि ओल्या थराबरोबर वर येतो. म्हणजे कितीही हात दिले तरी तेच होणार, मध्ये अडवणारा थर हवा.

लिटरभर स्पिरिटमध्ये 150 ग्रॅम चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची सुकी लाख) रात्रभर भिजवून, गाळून, त्याचे दोन पातळ हात द्यायचा विचार आहे. अडचण अशी की स्पिरिटने खालचा इनॅमल मऊ पडतो. मग सगळा रंग खरवडून लाकडावरच लाख द्यावी, की फक्त डागांपुरतं खरवडून भागेल? साध्या चपड्यात मेण असतं. त्यावर वॉटर बेस रंग टिकतो का, की मेण काढलेलीच लाख घ्यावी? पावसाळी दमट हवेत लाख पांढुरकी पडते, तेव्हा त्यापेक्षा टर्पेंटाइनवाला ऑइल प्रायमर बरा का?

दाराच्या मुठीजवळ, जिथे वर्षानुवर्षं हात लागलाय, तिथे रंग नखाने सालीसारखा निघतोय. तेलकटपणासाठी घासण्याआधीच टर्पेंटाइनने पुसायला हवं होतं ना?

हे प्रत्यक्ष करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा.