मदत हवी आहे: लाकूड फोडायच्या घरगुती हायड्रॉलिक यंत्राचा वेग कसा वाढवू?

बंब आणि चुलीसाठी बाभळीचे, आंब्याचे दीड फुटी ओंडके फोडायला आडवं यंत्र बनवलंय. गर्डरची फ्रेम, टोकाला वेल्ड केलेली पाचर. भंगारातला डबल-ॲक्टिंग सिलिंडर (तेलाच्या दाबाने पुढे आणि मागे दोन्हीकडे चालणारा): बोअर (आतला व्यास) १०० मिमी, रॉड (दांडा) ५० मिमी, स्ट्रोक (दांड्याची चाल) ६०० मिमी. ५ एचपी थ्री-फेज मोटर (१४४० आरपीएम), ८ सीसी गिअर पंप (एका फेऱ्यात ८ सीसी तेल देणारा), रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) १५० बारवर.

जोर भरपूर आहे, साधारण पावणेबारा टन, गाठीसुद्धा फुटतात. पण पुढे जायला २५ सेकंद, मागे यायला १८. कंटाळा येतो!

१६ सीसी पंप लावून पाहिला: वेग दुप्पट, पण गाठ आली की मोटर ट्रिप. सध्या लाकूड फुटलं की दांडा अर्ध्यातूनच परत फिरवतो, तेवढाच वेळ वाचतो. मोठी मोटर शक्य नाही, मंजूर भार तेवढाच आहे. दाबही वाढवायचा नाही, कारण जुन्या होसवर (तेलाच्या नळ्यांवर) भरवसा नाही.

टू-स्टेज पंप (कमी दाबाला जास्त तेल, जोर लागला की कमी तेल देणारा) इथे तालुक्याला मिळत नाही. मग ८ आणि १६ सीसीचे दोन गिअर पंप एकाच शाफ्टवर जोडून, ठरलेला दाब आला की मोठ्या पंपाचं तेल अनलोडिंग व्हॉल्व्हने टाकीत सोडलं तर चालेल का? आणि तो व्हॉल्व्ह किती बारवर सेट करावा?