बेकायदेशीर, पण… काय?

विचारणा (परळ)

मंडळी, एका वाक्यावर तीन दिवस अडले आहे. आमच्या चाळीतल्या दोन मुलींची वादविवाद स्पर्धेसाठी तयारी करून घेते आहे. विषय असा: 'सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय केलेला लष्करी हस्तक्षेप योग्य ठरू शकतो'. एक बाजूने बोलणार, दुसरी विरोधात. दोघींचंही घोडं कोसोवोपाशी पेंड खातं. कोसोवो हा तेव्हा युगोस्लाव्हियातला प्रांत. तिथली दडपशाही थांबवायची म्हणून १९९९ साली नाटोने युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली, ती सुरक्षा परिषदेला न विचारता. पुढच्या वर्षी गोल्डस्टोन आणि थाम यांच्या स्वतंत्र आयोगाने अहवाल दिला की ही कारवाई 'इल्लीगल, बट लेजिटिमेट' होती.

बाजूने बोलणाऱ्या मुलीने लिहिलं, 'बेकायदेशीर, पण वैध'. मी म्हटलं, बाळा, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं, अगदी ठसक्यात. तिला काहीच खटकलं नाही. मलाच खटकतंय का? आणि या 'लेजिटिमेट'ला आपल्याकडे शब्द आहे का?

मुद्रितशोधक, गिरगाव

खटकलं नाही तरच नवल, ताई. 'वैध' हा 'विधि'पासून आला, आणि विधि म्हणजे कायदा. 'कायदा' अरबीतला, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. घराणी दोन, माणूस एकच. तुमच्या मुलीचं वाक्य म्हणजे 'हंड्यात पाणी नाही, पण जल आहे'.

तीस वर्षं प्रुफं तपासली. ही जोडी समोर आली की मी 'वैध' खोडून 'न्याय्य' करायचो आणि चहा प्यायला जायचो. कोणी तक्रार केली नाही.

तसा रोजच्या बोलण्यात 'वैध' आता फारच बारीक झालाय. वैध मतं, वैध परवाना, लोकलच्या पासाची वैधता. म्हणजे जवळपास 'मुदत'च. बॉम्बफेकीला तो लावला की पास संपल्यासारखं वाटतं.

वकील, मुलुंड

काका, चहा प्यायलात ते बरं केलंत, पण 'न्याय्य'ने भागत नाही. आयोगाने काय म्हटलं ते बघा. सुरक्षा परिषदेची पूर्वसंमती नव्हती म्हणून बेकायदेशीर. राजनैतिक मार्ग सगळे संपले होते आणि हस्तक्षेपामुळे तिथली बहुसंख्य जनता दीर्घ दडपशाहीतून सुटली, म्हणून लेजिटिमेट. 'न्याय्य' म्हटलं की प्रत्येक बॉम्बला प्रमाणपत्र मिळतं. तेवढं कोणी दिलेलं नाही. शिवाय 'न्याय्य युद्ध' हा तत्त्वज्ञानवाल्यांनी आधीच राखून ठेवलेला शब्द आहे.

कायद्याची बाजू मात्र मुलींना नीट सांगा, ती अगदी अरुंद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) म्हणतं, दुसऱ्या राज्याविरुद्ध, म्हणजे देशाविरुद्ध, बळाचा वापर नाही आणि बळाचा धाकही नाही. अपवाद दोन. सशस्त्र हल्ला झाला तर कलम ५१ खालचा स्वसंरक्षणाचा हक्क, नाहीतर सुरक्षा परिषदेचा निर्णय. बास.

आणि २(४) मध्ये 'युद्ध' हा शब्द नाही, हे शब्दचर्चेत सांगायलाच हवं. १९२८ च्या पॅरिस करारात राष्ट्रांनी 'युद्ध' सोडून दिलं होतं. मग झालं काय, तर शब्द सोडला आणि वस्तू ठेवली. जपानने १९३७ मध्ये चीनमध्ये फौजा घुसवल्या आणि त्याला 'चीन प्रकरण' म्हटलं. सनद लिहिणाऱ्यांनी म्हणून शब्दाचा नादच सोडला आणि 'बळ' धरलं. तरी २०२२ मध्ये युक्रेनवरची चढाई 'विशेष लष्करी मोहीम' झालीच. सवय जात नाही.

माझं मत 'समर्थनीय'ला.

विचारणा (परळ)

वकीलसाहेब, 'समर्थनीय' लिहून पाहिलं. विरोधातली पोरगी लगेच म्हणाली, 'ज्याचे समर्थक आहेत ते सगळंच समर्थनीय.' गप्प बसले.

ठाण्याची, माहेर सातारा

'रास्त' म्हणा की.

'बेकायदेशीर, पण रास्त.' वाचून बघा, कान तक्रार करत नाही. फारसीत रास्त म्हणजे सरळ, बरोबर. आपल्याकडे रास्त मागणी, रास्त अपेक्षा, आणि रेशनच्या दुकानावर पत्र्याची पाटी: 'रास्त भाव दुकान'. कायद्यात बसो न बसो, माणसाला पटतं ते रास्त. संपवाल्यांची मागणी रास्त असते, संप बेकायदेशीर ठरवलेला असतो. गिरणगावात राहून हे तुम्हाला मी सांगायचं?

विचारणा (परळ)

अगं बाई. सासरे १९८२ च्या संपात होते. हेच वाक्य घरात शंभरदा ऐकलंय आणि सुचलं नाही.

मुद्रितशोधक, गिरगाव

शब्द झकास. पण पाटी पुरती वाचा. रास्त भाव दुकानदार ठरवत नाही, सरकार ठरवतं, म्हणून तो रास्त. दुकानदाराने स्वतःच 'माझा भाव रास्त' म्हणून पाटी लावली तर गिऱ्हाईक हसेल. नाटो इथे दुकानदार आहे.

वकील, मुलुंड

काका, हा मुद्दा विरोधातल्या मुलीला द्या, फुकट. सोबत हेही द्या: बॉम्बफेक सुरू झाल्यावर दोन दिवसांनी ती थांबवा म्हणणारा ठराव सुरक्षा परिषदेत मतदानाला आला. तो मांडणाऱ्यांत रशिया आणि बेलारूसबरोबर भारत होता, परिषदेचा सदस्य नसूनही. १२ विरुद्ध ३ ने पडला.

बाजूच्या मुलीने मग १९६१ काढावं. गोव्यात आपण सैन्य पाठवलं तेव्हा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव आपल्याविरुद्ध होता. ठरावाच्या बाजूने सात मतं पडली, पण सोव्हिएत नकाराधिकाराने तो बुडाला. आपलं म्हणणं होतं की वसाहत ही मुळातच चालू असलेली आगळीक आहे. कागदावर बळाचा वापर, मनात रास्त. लिस्बनमध्ये 'आक्रमण', पणजीत 'मुक्ती'. दोन्ही शब्द एकाच दोन दिवसांचे आहेत, १८ आणि १९ डिसेंबर.

संस्कृतच्या बाई, विलेपार्ले

तुम्ही सगळे फारसीत रमलात म्हणून सांगते, 'धर्म्य' असा एक नेमका शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातच आहे. धर्म्य युद्ध म्हणजे धर्माला धरून केलेलं युद्ध.

पण आज तो वापरू नका, असंही मीच सांगते. 'धर्मयुद्ध' या शब्दाचं वर्तमानपत्रांनी वाटोळं केलंय. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही बाजू नियम ठरवतात: रथीने रथीशीच लढावं, पाठ फिरवलेल्यावर, शस्त्र टाकलेल्यावर, वाद्यं वाजवणाऱ्यांवर वार करू नये. धर्मयुद्ध म्हणजे ते, कसं लढायचं त्याचे नियम. आता मात्र धर्मासाठी लढलेल्या कुठल्याही युद्धाला धर्मयुद्ध म्हणतात. अर्थ उलटाच झाला. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा झोपलेल्यांना मारतो तेव्हा सूड कसला आणि कारण काय हे विचारून कोणी त्याला सोडत नाही. कारण रास्त असलं तरी कृत्य धर्म्य होत नाही.

कौटिल्य तर प्रकाशयुद्ध (उघड), कूटयुद्ध (कपटाचं), तूष्णींयुद्ध (गुपचूप) असे सरळ तीन प्रकार सांगून मोकळा होतो. त्याच्याकडे ढोंग कमी.

वकील, मुलुंड

बाईंनी न सांगता अख्खा अभ्यासक्रम सांगितला. युद्धाला उतरणं कायदेशीर आहे का, हा एक प्रश्न. उतरल्यावर कसं लढताय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर काहीही असो, दुसऱ्यातून सुटका नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही नाही.

मूळचा धाराशिवचा, सध्या डोंबिवली

गोव्यावर थांबू नका, मराठवाड्याकडे या. सप्टेंबर १९४८, १३ ते १७. रणगाडे, विमानं, मेजर जनरल चौधरींच्या हाताखालचं सैन्य. नाव काय? 'पोलीस अ‍ॅक्शन'. निजामाने ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. 'युद्ध' म्हटलं असतं तर दोन राज्यांमधलं झालं असतं. 'पोलीस' म्हटलं की घरातला मामला.

रझाकारांनी गावं जाळली होती, माझ्या आजोबांनी ती पाहिली होती. त्यामुळे १७ सप्टेंबरला झेंडा लावताना माझ्या मनात शंका नसते, ते रास्तच होतं. पण नंतर काय झालं हे बघायला नेमलेल्या सुंदरलाल समितीने, अगदी हात राखून, २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला, आणि तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. बहुतेक मुसलमान. आमच्या गल्लीत आम्ही 'मुक्तिसंग्राम' म्हणायचो. समोरच्या घरातली आपा 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणायची, आवाज खाली घेऊन. लहानपणी वाटायचं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

ठाण्याची, माहेर सातारा

दादा, हे वाचून हात थांबला.

मुद्रितशोधक, गिरगाव

जरा हलकं सांगतो. मराठीत 'युद्धबंदी' म्हणजे युद्ध थांबणं, दारूबंदीसारखं. ही 'बंदी' फारसी. हिंदीत 'युद्धबंदी' म्हणजे कैदी, ही 'बंदी' संस्कृत. एका रात्रपाळीला हिंदी तारेवरून घाईत केलेल्या मजकुरात 'युद्धबंदीची सुटका' असं आलं होतं. शांतताच तुरुंगातून सुटली. आपण 'युद्धकैदी' म्हणावं, वाद मिटतो. 'शस्त्रसंधी' हाही तसाच. संस्कृतात संधी म्हणजे तह, आपल्या कानाला मात्र 'संधी' म्हणजे चान्स. शस्त्रांना चान्स!

वकील, मुलुंड

त्यातही गोम आहे. १० मे २०२५ ला पाकिस्तानशी लढाई थांबली तेव्हा भारताने 'शस्त्रसंधी'चा इंग्रजी प्रतिशब्द वापरला नाही. गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवण्याबाबत 'अंडरस्टँडिंग' झालं, एवढंच परराष्ट्रमंत्री म्हणाले. दोन दिवसांनी पंतप्रधान म्हणाले, कारवाई फक्त स्थगित केली आहे. मराठी मथळ्यांनी मात्र सरसकट 'शस्त्रसंधी' छापून टाकलं. तह, शस्त्रसंधी, स्थगिती, समजूत हे चार वेगळे जिने आहेत. कोरियात १९५३ पासून शस्त्रसंधीच आहे, तह अजून नाही.

२०१९ च्या बालाकोटला तर परराष्ट्र सचिवांचा शब्दप्रयोग होता 'नॉन-मिलिटरी प्रिएम्प्टिव्ह अ‍ॅक्शन'. लढाऊ विमानं गेली, आणि कारवाई बिगरलष्करी! म्हणायचं होतं ते असं की लक्ष्य पाकिस्तानी लष्कर नव्हतं, दहशतवाद्यांचा तळ होता. मराठीत ते 'बिगरलष्करी' झालं की वाचणाऱ्याला वाटतं, पाणबंब पाठवला असेल.

आणि दुसऱ्याच दिवशी विंग कमांडर अभिनंदन पकडले गेले. युद्ध जाहीर नव्हतं, मग युद्धकैदी कसे? तर १९४९ च्या जिनिव्हा करारांना 'युद्ध' या शब्दाची गरजच नाही. दोन राज्यांत सशस्त्र संघर्ष झाला की ते लागू, एखादी बाजू कबूल करो न करो. शब्दांच्या खेळाला इथे कायद्याने चाप लावलाय.

विचारणा (परळ)

आमच्या इथे आर्थर रोड तुरुंग चालत दहा मिनिटांवर. कसाबचा खटला तिथे चालला तेव्हा रस्ता बंद असायचा, मी दूध आणायला वळसा घालून जायचे. त्याच्यावरचा एक आरोप होता 'भारत सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे', दंडविधान कलम १२१. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१२ मध्ये कायम केला. म्हणजे राज्याराज्यांतल्या कायद्यातून हद्दपार झालेला 'युद्ध' शब्द आमच्या गल्लीच्या टोकाला जिवंत होता. आणि 'पुकारणे' बघा, आपण संप पुकारतो, बंद पुकारतो, युद्धही पुकारतो.

त्या हल्ल्यात या शहरात १६६ माणसं गेली. मुलींपैकी एक तेव्हा दोन महिन्यांची होती. तिला हा मुद्दा भाषणात घ्यायचा नाही म्हणाली. बरं.

आता शेवटची अडचण. विरोधातल्या मुलीला नागरिकांच्या मृत्यूंविषयी बोलायचंय. 'आनुषंगिक हानी' हा शब्द मी फेकून दिला, दातात अडकतो. तिची आजी म्हणाली, त्यात काय, 'सुक्याबरोबर ओलंही जळतं'.

संस्कृतच्या बाई, विलेपार्ले

आजींना नमस्कार, पण ही म्हण मुलीच्या विरोधातच साक्ष देईल. म्हणीत आग आपोआप लागते. ओलं जळणं हा सृष्टिक्रम, कोणाचा दोष नाही.

वकील, मुलुंड

बरोबर. कायदा नेमकं उलट विचारतो: ओलं आहे हे ठाऊक होतं का? किती होतं? सुकं जाळून जो लष्करी फायदा अपेक्षित होता त्याच्या मानाने ते फार जास्त होतं का? वेगळं काढायला काय केलंत? ओलं थोडंही जळता कामा नये असं कायदा म्हणत नाही, तेवढा तो भाबडा नाही. पण 'जळतंच' म्हणून हात झटकू देत नाही. याला 'प्रमाणबद्धता' म्हणतात, शब्द वाईट आहे. लोकांना वाटतं, त्यांचे दहा तर आपले दहा. तसा हिशेब नाही तो.

विचारणा (परळ)

मग ती म्हणीनेच सुरुवात करेल आणि म्हणच मोडेल. आजी रागावतील, पण पहिल्या रांगेत बसतील.

बाजूने बोलणारीचं वाक्य ठरलं: 'बेकायदेशीर, पण रास्त'. रास्त भावाच्या पाटीचा टोला येणार हे तिला सांगितलंय. ती म्हणते, येऊ दे, रेशन दुकान बंद असलं तर माणूस उपाशी बसतो का?

मुद्रितशोधक, गिरगाव

छान. एकच: 'बेकायदेशीर'ऐवजी 'बेकायदा' करा. 'बे' लागल्यावर 'शीर' कशाला? पाच मिनिटांच्या भाषणात दोन अक्षरं वाचतील.