व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरवला की 'रँडम सॅम्पल' झालं?

कोपरीकर: काल एका एमएच्या विद्यार्थिनीने इथे प्रकल्पाचा निष्कर्ष टाकला: 'ठाण्यातले तरुण एकाकी आहेत, सॅम्पलिंग रँडम होतं.' पद्धत काय, तर कॉलेजच्या ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून 'पुढे पाठवा' म्हटलं. वाचून राहवलं नाही. जो हाती लागला तो घेतला, याला रँडम म्हणत नाहीत. आधी यादी लागते, तिच्यातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरलेली संधी लागते, मग चिठ्ठी. वागळे इस्टेटमध्ये रात्रपाळी करणारा पोरगा तुमच्या फॉर्ममध्ये आहे का? दिव्याहून लोकलला लोंबकळणारा? उत्तरं ढीगभर असून भागत नाही. 1936 साली अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीच्या अंदाजासाठी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे 20 लाखांहून जास्त उत्तरं आली होती, पण पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतले. लँडन जिंकणार म्हणाले, आला रूझवेल्ट.

घोडबंदरवाली: एका पोरीच्या प्रकल्पावर एवढं तुटून का पडायचं? जगभरचं मानसशास्त्र कॉलेजातल्या पोरांवरच उभं आहे. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठीने ठरवलं, म्हणजे गटांची वाटणी रँडम केली, की प्रयोग चालतो, हे तुम्हालाही ठाऊक असणार. आणि यादी आणायची कुठून? मतदारयादीत भाड्याने राहणारी कितीतरी पोरं नसतात. एमएला असताना मी टॉवरांत प्रश्नावली घेऊन उन्हात फिरले. वॉचमनने इंटरकॉमवर 'सर्वेवाली आलीये' एवढंच सांगितलं आणि मला फाटकावरूनच परत पाठवलं. शेवटी मैत्रिणींनीच फॉर्म भरले.

ऐरोली सेक्रेटरी: वॉचमनला बोल लावू नका, त्याला आम्हीच तसं सांगून ठेवतो. सर्वेच्या नावाखाली वॉटर प्युरिफायर विकणारे आत शिरतात. आमच्या विंगमधल्या आजींचा आधार नंबर एकाने लिहून नेला. तेव्हापासून कुणालाही सोडत नाही.

कळव्याची चाळ: आमच्याकडे या की! माझी आई सर्वेवाल्याला चहा पाजून सगळी उत्तरं देते, शेजारणीचीसुद्धा. टॉवरवाले दार उघडत नाहीत, आणि मग 'वस्त्यांमध्ये मानसिक ताण जास्त' असं छापून येतं. ताण मोजला कुणाचा? आमचाच. फाटक तुमचं बंद आणि बदनामी आमची.

ऐरोली सेक्रेटरी: बदनामी? तोंड सांभाळून बोला. आजींच्या खात्यातले पैसे गेले असते तर तुम्ही भरून देणार होतात?

कोपरीकर: सेक्रेटरीसाहेब, आजींची काळजी रास्त आहे. पण खरं दुखणं कळवेकरांनी सांगितलं. निवड कितीही चोख करा, ठरावीक लोक उत्तरच देत नसतील तर नमुना एका बाजूला झुकतो. घोडबंदरताई, वाटणीचं मान्य, पण ती प्रयोगात. इथे प्रयोग नव्हताच, थेट सगळ्या ठाण्याबद्दल विधान केलंय. आणि 'जगभर हेच चालतं' या सबबीची 2010 सालीच हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन या संशोधकांनी चिरफाड केली. म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमातल्या, टोकांना उलटसुलट बाण काढलेल्या सारख्या लांबीच्या दोन रेघा अमेरिकन विद्यार्थ्यांना लहानमोठ्या दिसतात, आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या सान लोकांना जवळपास सारख्याच. डोळ्यांना दिसणंही सगळीकडे एकसारखं नाही, तिथे एकाकीपणाचं काय घेऊन बसलात?

घोडबंदरवाली: बरं, 'रँडम' शब्द काढायला सांगते तिला. 'सोयीस्कर नमुना' लिहू दे. पण तसं लिहिलं की परीक्षक गुण कापतात, म्हणून पोरं खोटं लिहितात. त्यावर कुणी धागा काढत नाही.

कोपरीकर: कापू देत. फॉर्म कुठल्या ग्रुपवर गेला आणि कोण सुटलं, हे तिने स्पष्ट लिहावं. तेवढ्याने वाचणाऱ्याची फसगत टळेल.

ऐरोली सेक्रेटरी: कॉलेजचं शिक्क्याचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन रविवारी अकरानंतर या, सोसायटीच्या ऑफिसात बसा. मोबाइल नंबर, आधार काही मागायचं नाही. सी विंगचा शब्द मी देत नाही.