डी अँड डी: कोकणी गावातल्या छोट्या जादूचे नियम कसे बसवावेत?

सड्यावरचा
डी अँड डी, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं घेऊन टेबलावर खेळायच्या खेळाची आमची नवी मोहीम तळकोकणासारख्या एका कल्पित गावात सुरू होतेय, नियम पाचव्या आवृत्तीचे. विझार्ड (जादूगार) 'लाइट' (उजेड पाडणं), 'मेंडिंग' (मोडलेलं सांधणं) हवं तितक्या वेळा वापरतो, कँट्रिपला, म्हणजे अशा छोट्या मंत्रांना, मोजमापच नाही. त्याच्यापुढे दृष्ट काढणारी आजी आणि कौल लावणारा गुरव अगदीच फिके पडतात. त्यांना हलकी जादू कशी द्यावी?

वेशीपलीकडे
नुसता जोर कमी करून भागत नाही, ती जादू जागेला बांधावी लागते. गुरवाचा कौल त्याच्याच देवळात. प्रश्न एकच, आणि तोही गावाशी संबंध असलेला. गाऱ्हाणं प्लेअरने स्वतः घालायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या टेबलावर या एका गोष्टीने सगळे सरसावून बसले! मूर्तीला ओल्या कळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सहा बाजूंच्या डाइसवर एक-दोन डावी, तीन-चार उजवी. पाच-सहा आले तर कळी हलतच नाही. म्हणजे कुणाचा तरी नवस फेडायचा राहिलाय, तो आधी शोधा. आमचं अर्धं कथानक या तिसऱ्या उत्तरातूनच निघालं.

दृष्टीचा डाइस मात्र डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) पडद्याआड टाकावा. आजी मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या उतरवून निखाऱ्यावर टाकते. सगळ्यांना ठसका लागला तर काही नव्हतं. मिरच्या जळूनही खाट उठली नाही, तर दृष्ट होती आणि ती उतरली. अशा वेळी पुढच्या एका सेव्हिंग थ्रोला (संकटातून वाचायच्या फेकीला) चार बाजूंचा डाइस जास्तीचा द्यावा.

तिरफळ
पण पार्टी (प्लेअर्सच्या पात्रांची टोळी) घाट चढून गेली की हातात काय उरणार?

वेशीपलीकडे
अंगाऱ्याची पुडी. एकदाच चालते आणि ज्याच्या नावाने दिली त्यालाच.

तिरफळ
हे आवडलं. एक भर घालतो. मालवणजवळच्या आचरा गावच्या गावपळणीत तीन दिवस-तीन रात्री माणसं गुराढोरांसकट वेशीबाहेर राहतात. पार्टी नेमकी तेव्हाच गावात पोचली तर?

सड्यावरचा
पहिलं सत्र यावरच करतो. पण आमचा विझार्ड रिकाम्या गावात शिरणार हे नक्की. त्याला अडवू का?

वेशीपलीकडे
अजिबात नको, खुशाल जाऊ दे. फक्त ते तीन दिवस गाव देवाचं असतं, तेव्हा वेशीच्या आत त्याचा 'लाइट' पेटणार नाही. हे राखणदाराच्या तोंडून आधीच सांगून ठेव.