फी थकल्यामुळे नववीच्या मुलाला वार्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत. मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा एका विनाअनुदानित खासगी शाळेत नववीत शिकतो. ऑक्टोबरमध्ये माझ्या पतींचे काम सुटल्यापासून आम्ही दुसऱ्या सत्राची फी भरू शकलेलो नाही, आणि आता शाळेने वर्गशिक्षिकांकरवी मुलाच्या हातीच निरोप पाठवला आहे की, संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय त्याला वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. हा निरोप त्याला सगळ्या वर्गासमोर देण्यात आला, याचे दुःख मला फीच्या काळजीपेक्षाही अधिक आहे.

फी बुडवण्याचा आमचा हेतू नाही. शिक्षकांचे पगार त्यातूनच होतात, हे आम्ही जाणतो. दरमहा हप्त्याने रक्कम फेडण्याचा लेखी अर्ज दिला, पण उत्तर आलेले नाही.

माझ्या वाचनानुसार, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील मुलाला शाळेतून न काढण्याचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये थकीत फीसाठी विद्यार्थ्यांना वर्गात बसण्यापासून रोखू नये व निकाल अडवू नये असे सांगितले, पण तो आदेश राजस्थानातील शाळांच्या प्रकरणात आणि करोनाकाळातील फीपुरता होता. मग नववीच्या विद्यार्थ्याने आज कशाचा आधार घ्यावा?

जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अशी तक्रार कोणी केली आहे का? अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडली, आणि परीक्षेपूर्वी निर्णय मिळाला का? तक्रारीनंतर मुलाला शाळेत त्रास झाला असल्यास तेही कृपया मोकळेपणाने सांगावे.